मिस्त्रींची दुसरी चप्पल

एकदा एका घाटाखालच्या गावात एक वृद्ध मिस्त्री सलग चार दिवस एकच चप्पल घालून हिंडले. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय उघडा.

हे मिस्त्री जुन्या गाड्या दुरुस्त करत आणि फार कमी बोलत. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक आपोआप ज्ञानी समजतात, आणि त्यांच्या हातच्या गाड्या सुरूही होत, त्यामुळे संशयाला जागा उरली नव्हती. एवढा शहाणा माणूस एका चपलेवर हिंडतो म्हणजे त्यात काहीतरी अर्थ असणारच, असं गावाने ठरवून टाकलं. शाळेतले गुरुजी म्हणाले, "निम्मा संसार सोडला, निम्मा उरलाय, त्याची ही खूण." न्हाव्याचं मत पडलं, की नवस असावा. दोन तरुणांनी मिस्त्रींचं बघून आपलीही एकेक चप्पल घरी ठेवायला सुरुवात केली. त्यांतल्या एकाला दुसऱ्याच दिवशी बाभळीचा काटा लागला आणि ती चळवळ तिथेच थांबली.

मिस्त्रींची उजवी चप्पल कुठे गेली हे खरं ठाऊक होतं ते त्यांच्या शिष्याला, गोरखला. त्यामुळे बाकी गाव मिस्त्रींच्या पायाकडे भक्तीने बघत होतं, आणि गोरख बघतच नव्हता. नजर चुकून गेलीच, तर तो लगेच भिंतीवरचे पाने मोजायला लागायचा.

ती चप्पल एका ट्रकच्या पोटात गेली होती. निदान मिस्त्री तसं समजतात, असं गोरखला वाटत होतं.

ट्रक गावातल्या गुळाच्या व्यापाऱ्याचा. लांब नाकाचा, लाकडी टपाचा, हँडल मारून सुरू करायचा, पितळी रेडिएटरचा. व्यापाऱ्याचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी तरुणपणी स्वतः हा ट्रक चालवून गुऱ्हाळांवरचा गूळ घाटावरच्या पेठेत पोचवला होता. पुढे मोठ्या गाड्या आल्या, मुलगा शेठ झाला, आणि ट्रक गोठ्यात गेला. तिथे बावीस वर्षं त्यात शेळ्या बसत.

आता आबांनी एक्याऐंशी पार केली होती. हजार पौर्णिमा बघून झालेल्या माणसाचं सहस्रचंद्रदर्शन करतात, तसं आबांचं करायचं घरच्यांनी ठरवलं. घाटमाथ्यावरच्या महादेवाला अभिषेक, गुळाने तुला, सुनांनी एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळणं, सगळं ठरलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो. पण माझ्या गाडीतनं."

"आबा, एसीची गाडी आहे की," शेठ म्हणाले.

"मग तिलाच ओवाळा."

शेळ्यांना खाली उतरवण्यात आलं. त्यांतली एक पुढे रोज गॅरेजच्या दाराशी येऊन ट्रककडे बघत उभी राहायची.

मिस्त्रींनी हे काम घेतलं तेव्हा गोरखला ते एवढंच म्हणाले, "माझे गुडघे गेले. ही गाडी तू उभी कर. घाट चढून वर गेली, की गॅरेजची किल्ली तुझी."

गोरखला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. गॅरेज म्हणजे काही महाल नव्हता. पत्र्याची शेड, एक खड्डा, भिंतीवर टांगलेले पाने. पण दोन वर्षांपूर्वी मामाचं दुकान सोडून गोरख इथे आला, तेव्हा मामा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "जातोय तर जाऊ दे. पावसाळ्याच्या आत परत येईल." दोन पावसाळे होऊन गेले होते. मामा अजून वाट बघत होता.

मामाचं दुकान खिडक्यांच्या ग्रीलचं. पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या दुकानात आहे, म्हणून हे सांगायला हवं. ग्रीलच्या धंद्यात एकच परीक्षा असते. गिऱ्हाईक येतं, खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरतं आणि गदागदा हलवतं. हललं, की काम वाईट. नाही हललं, की चांगलं. गोरखने आठ वर्षं अशी कामं केली, की गिऱ्हाईक स्वतःच हलायचं, पण खिडकी हलायची नाही.

तर या गोरखने ट्रकचं इंजिन उतरवलं, धुतलं, पुन्हा बसवलं. मिस्त्री खाटेवर बसून बघत आणि मधूनच "हं" म्हणत. शेवटी रेडिएटर राहिला. रेडिएटरला खाली दोन कान असतात. ते चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आडव्या पट्टीवर टेकतात आणि प्रत्येक कानातून एकेक बोल्ट खाली जातो. काम म्हटलं तर एवढंच. त्या दिवशी मिस्त्री गुडघे दाखवायला तालुक्याला गेले होते. गोरखने कान थेट लोखंडावर टेकवले आणि नट आवळले. मग पान्यात पाइप घालून आवळले. मग पाइपवर उभा राहिला. मग खाली उतरून रेडिएटर दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. ट्रक हलला. रेडिएटर हलला नाही. गोरखला फार समाधान वाटलं.

गाडी ओढ्यापर्यंत नेऊन आणली. परत येईस्तोवर रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या सांध्याची झाळ वीतभर उकलली होती आणि पाणी रस्ताभर सांडत आलं होतं.

संध्याकाळी मिस्त्री आले. त्यांनी ती ओली रेघ बघितली, नट बघितले, पाइप बघितला.  सकाळी रेडिएटर तांबटाकडे नेला, झाळ देऊन आणला. आणि मग शेडच्या दारात बसून त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली.

चप्पल टायरची होती. जुन्या टायरचा तळ, वर ट्यूबचे पट्टे, अशा चपला मिस्त्री वर्षानुवर्षं घालत. त्यांनी ती पालथी केली, धूळ झटकली आणि खिशातून रबर कापायची रापी काढून तिचे दोन तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात बोल्ट जाईल एवढी खाच पाडली. ते तुकडे रेडिएटरच्या दोन कानांखाली ठेवले, बोल्ट सोडले, खालून स्प्रिंगा घातल्या, नट हातानेच फिरवले. पाना उचलला तो बाजूला ठेवण्यासाठी. नट एक फेरा मागे घेतला आणि तो तिथेच राहावा म्हणून त्यातून पिन घालून वाकवली. मग त्यांनी रेडिएटर धरून हलवला. रेडिएटर खुळखुळला.

"हं," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, हे हलतंय."

"हो."

"सैल राहिलं का?"

"राहिलं नाही. ठेवलंय."

एवढं बोलून ते एका चपलेने चहाला गेले, आणि गावाला विषय मिळाला.

गोरखला वाटलं, परत आले की कारण सांगतील. ते आले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांच्या गोळ्या घेऊन घरीच राहिले. आणि नेमके त्याच दिवशी दुपारी शेठ गाडी बघायला आले.

शेठ तसे भले माणूस. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. बोनेट वर करताच त्यांनी रेडिएटर दोन्ही हातांनी धरला आणि गदागदा हलवला.

खुळखुळ.

आठ वर्षांची सवय होती. तो आवाज ऐकताच गोरखचे कान तापले.

"अरे गोरख, हे हलतंय."

"हो शेठ. ते... ठेवलंय."

"कशाला?"

गोरखला हेच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "मिस्त्रींनी ठेवलंय."

शेठ वाकले. चष्मा पुढे ओढून त्यांनी बारकाईने पाहिलं. "आणि हे खाली काय आहे? अरे, हा चपलेचा अंगठा ना?"

खरोखरच डाव्या कानाखालून चपलेचा अंगठा बाहेर डोकावत होता. अंगठा अडकवायची ट्यूबची वाटोळी पट्टी, जशीच्या तशी.

"अरे देवा," शेठ म्हणाले. "या गाडीत अभिषेकाचं पाणी जायचंय. आबा बसायचेत. घरातल्या पाच सुवासिनी ओवाळणीची ताटं घेऊन बसायच्यात. आणि पुढे चप्पल? मिस्त्रींचं वय झालंय, ठीक आहे. तू तर तरणा आहेस. तुला दिसत नाही?"

"दिसतंय शेठ."

"मग?"

शेठ गेले. गोरखने पाना उचलला आणि परत ठेवला. आपला गुरू शहाणा आहे हे त्याला मान्य होतं. पण गुरूचे गुडघे गेलेत, गोळ्यांनी झोप येते, हेही त्याला दिसत होतं. समारंभाच्या दिवशी सगळ्या गावादेखत बोनेट उघडलं आणि रेडिएटर खुळखुळला, तर लोक मिस्त्रींना काही बोलणार नाहीत, ते ज्ञानी आहेत. बोलतील गोरखला. मामाही येणारच होता, त्याला आमंत्रण होतं.

त्याने पिना काढल्या. चपलेचे तुकडे काढले. स्प्रिंगा काढल्या. कान लोखंडावर टेकवले आणि नट आवळले. पाइप नाही लावला, एवढीच काय ती सुधारणा. रेडिएटर हलवून बघितला. खुळखुळ बंद. एक तुकडा शेजारच्या कुत्र्याने नेला. दुसऱ्या तुकड्याजवळ शेवटी ती शेळी दिसली होती, पुढचं कुणाला माहीत नाही.

पुढचे दोन दिवस मिस्त्री रोज येत, खाटेवर बसत, एकाच पायातली चप्पल काढून खाटेखाली ठेवत आणि जाताना तीच घालून जात. त्यांनी बोनेट उघडलं नाही. "झालं ना सगळं?" त्यांनी एकदा विचारलं. "झालं," गोरख म्हणाला. आणि लगेच फडकं घेऊन काचा पुसायला लागला.

समारंभाचा दिवस उजाडला. ट्रकला झेंडूच्या माळा घातल्या. मागे हौद्यात सतरंजी अंथरून घरच्या बायका ताटं घेऊन बसल्या. तुलेच्या गुळाच्या ढेपा रचल्या. शेठ नवं धोतर सावरत त्यांच्यात बसले. मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गुरुजी, न्हावी, गोरखचा मामा आणि निम्मं गाव. पुढे बँड. केबिनमध्ये गोरख स्टिअरिंगवर, खिडकीशी आबा, मधे मिस्त्री, डाव्या पायात चप्पल.

गोरखने उतरून पुढून हँडल मारलं. तिसऱ्या फटक्याला गाडी खोकली आणि चालू झाली. आबांनी डोळे मिटले.

गावापासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता म्हणजे रस्त्याची आठवण होती नुसती. ओढ्याचे दगड, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, मधेच एक मोरी. एक चाक वर जायचं, तेव्हा समोरचं खाली जायचं. चेसी कुईऽ करून ओरडायची. गोरखचे दात आवळलेले होते. स्टिअरिंग त्याने असं धरलं होतं, की जणू ते कुणी काढून नेणार आहे.

थोड्या वेळाने आबा म्हणाले, "ही बोलत का नाही?"

"कोण, आबा?"

"गाडी. पुढून बोलायची ही. सारखी खुळखुळ. घरच्यांना लांबूनच कळायचं, मी आलो म्हणून." आबा पुढे वाकून कान देऊन बसले. "मुकी झाली का काय?"

गोरखने चोरून मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री समोर बँडकडे बघत होते.

"मिस्त्री," आबा म्हणाले, "तुम्हाला येतोय का आवाज?"

"नाही येत," मिस्त्री म्हणाले.

एवढंच. पण गोरखने गाडीचा वेग आणखी कमी केला. दर खड्ड्याला त्याला वाटायचं, आत्ता उकलली. दर खड्डा पार झाला, की वाटायचं, अजून नाही. घाटाची नऊ वळणं पुढे होती. चढावर पाणी गेलं तर इंजिन भाजून निघणार, गाडी मधेच उभी राहणार, मागे हौदाभर माणसं आणि गूळ. सांगावं, तर किल्ली गेली. न सांगावं, तर... हा विचार तो पुरा करत नव्हता. मोरी आडवी येत होती.

घाटाच्या पायथ्याशी एक लहानसं देऊळ आहे. तिथे नारळ फोडल्याशिवाय त्या घाटात कुठलाही ड्रायव्हर गाडी घालत नाही. गाडी थांबली. शेठ नारळ घेऊन उतरले. गोरखही उतरला आणि बोनेट उघडून वाकला.

खालच्या टाकीच्या झाळेवर एक थेंब उभा होता. पडत नव्हता. नुसता जमत होता. थोड्या वेळाने पडला. त्याच्या जागी दुसरा जमायला लागला.

शेठनी नारळ वर उचलला.

"शेठ, थांबा," गोरख म्हणाला.

शेठ हात वर तसाच धरून थांबले. बँडवाल्यांना थांबा असं कुणी सांगितलं नाही, म्हणून ते वाजवत राहिले.

"गाडी अशी नेता येणार नाही. मिस्त्रींनी रेडिएटर नीट बसवला होता. मी बिघडवला. खालची चप्पल काढून टाकली आणि नट आवळले. आता झाळेतून पाणी येतंय."

शेठचा हात हळूहळू खाली आला. "म्हणजे मी त्या दिवशी म्हणालो म्हणून..."

"तुम्ही नुसतं हलवून बघितलंत. आवळला मी."

ट्रॉलीतून मामाचा आवाज आला, "काय झालं रे?"  गोरखने मिस्त्रींकडे पाहिलं. आता ते जे काय बोलतील ते ऐकायची त्याची तयारी होती. खरं तर मनातून त्याला हलकंच वाटत होतं. 

मिस्त्री केबिनमधून सावकाश उतरले. पायरीवर टेकले. डाव्या पायातली चप्पल काढली, पालथी केली, धूळ झटकली आणि खिशातून रापी काढली.

"धर," ते म्हणाले. "खाच तू पाड. बघितलीस ना कशी पाडतात?"

गोरखने चप्पल हातात घेतली.

"मिस्त्री... ही तुम्ही यासाठी ठेवली होती?"

"मग काय, नवस होता?"

ट्रॉलीत न्हाव्याने मान खाली घातली. गुरुजी मात्र शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले, "आता उरलेला निम्माही सोडला." गुरुजींचा अभ्यास असा सहजासहजी मोडणारा नव्हता.

गोरखने नट सोडले आणि चौघांनी पहार घालून रेडिएटर बोटभर उचलला. गोरखने रबराचे तुकडे कानांखाली सरकवले. स्प्रिंगा हत्यारांच्या पेटीतच होत्या, त्या त्याने टाकल्या नव्हत्या, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. हे चाललेलं असताना आबा खिडकीतून ओरडले, "थेंब येतोय का अजून?"

"येतोय, आबा."

"मग बघत काय बसलात? हळद टाका की आत!"

 शेठ म्हणाले, "आबा, हळद?"

"बाब्या, तू शेठ झालास, ड्रायव्हर नाही झालास. बारीक गळतीला हळद. आत जाते, भोकात बसते, फुगते. चाळीस वर्षं मी काय गूळ लावत होतो?"

"ही पूजेची आहे पण," थोरली सून हौद्यातून म्हणाली.

"पूजा माझीच आहे ना? मला नुसतं कुंकू लावा. हळद हिला लागू दे, हिलापण बरीच वर्षं झाली."

तेव्हा पाच सुवासिनींच्या ताटांतली हळद गोळा झाली. गोरखने फडकं धरून टोपण उघडलं आणि मूठमूठ हळद रेडिएटरमध्ये घातली. थोरल्या सुनेला राहवेना, तिने वरून दोन बोटं बोनेटलाही लावली. गाडी जागेवर चालू ठेवली. झाळेवर एक थेंब आला, पाण्याचा. मग एक आला, पिवळा. मग सगळे वाकून तिसऱ्याची वाट बघत राहिले आणि तो आला नाही.

"आता नट," मिस्त्री गाडीखाली डोकावून म्हणाले. गोरख पाठीवर आडवा पडून आत सरकला होता.

"किती फिरवू?"

"टेकेस्तोवर. आणि मग एक फेरा मागे. आता ऐक, कारण गुडघ्यांवर मला फार वेळ बसता येत नाही. खड्ड्यातून जाताना गाडी पिळते. धुणं पिळावं तशी. चेसीला पिळता येतं, म्हणून ती मोडत नाही. रेडिएटर पितळेचा, त्याला पिळता येत नाही. ज्याला पिळता येत नाही त्याला तू पिळणाऱ्याशी आवळून बांधलास, तर तो फाटणार. मधे थोडी जागा सोड. मग एक पिळेल, दुसरा खुळखुळेल, आणि दोघं वर पोचतील. खिडकी कुठे जात नाही, गोरख्या. तिला घट्ट राहणं शोभतं. ज्याला वाट चालायचीय, त्याला थोडं हलता आलं पाहिजे."

गोरखने एक फेरा मागे घेतला. पिन घालून वाकवली. मग पडल्यापडल्याच विचारलं, "पण मिस्त्री, मी परत आवळणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"वस्तादाने सैल ठेवलेलं शिकणारा एकदा आवळतोच. मी आवळला होता. याच घाटात, पाचव्या वळणावर. माझ्या वस्तादांनी मला तिथेच उतरवलं आणि म्हणाले, चालत ये. नऊ मैल आलो. वाटेत चप्पल तुटली. तेव्हाच ठरवलं, आपल्याकडे कुणी शिकायला आला, तर त्याच्या एका चुकीपुरती जागा आधीच सोडून ठेवायची."

"मग रबराचा तुकडा खिशात ठेवायचा. चार दिवस एका पायाने का हिंडलात?"

"खिशात ठेवला असता, तर विसरलो असतो. वय झालंय."

"आणि आज मी बोललोच नसतो तर?"

"नारळ फुटेपर्यंत वाट बघणार होतो. फुटला असता, की मीच बोललो असतो. मागे बायामाणसं आहेत, त्यांच्या जिवावर परीक्षा कसली घेतोय?" मिस्त्री मडगार्डला धरून उठले. "पण तू बोललास. ते बरं झालं. चल, हलवून बघ."

गोरख बाहेर आला आणि त्याने रेडिएटर दोन्ही हातांनी धरून हलवला.

खुळखुळ.

केबिनमधून आबा टाळी वाजवून म्हणाले, "बोलली!"

शेठनी नारळ फोडला. पुढे येऊन त्यांनीही रेडिएटर धरला, हलवला, आवाज नीट ऐकला आणि मान डोलावली, जणू काही आयुष्यभर ते हाच आवाज शोधत होते.

नऊ वळणं गाडी एका दमात चढली. प्रत्येक वळणावर ती पिळली, कुरकुरली आणि पुढून खुळखुळली. आबा दर वळणाचं नाव सांगत होते. पाचव्या वळणावर मिस्त्रींनी आबांच्या पलीकडे खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिलं आणि बारीकसे हसले. गोरखच्या लक्षात आलं, की आपले दात आता आवळलेले नाहीत, आणि स्टिअरिंग आपण दोन बोटांत धरलंय. गाडीला त्याची काही हरकत दिसत नव्हती.

माथ्यावर वाफ नाही, धूर नाही. गाडीला हळदीचा वास येत होता आणि आबांना कुंकू लागलेलं होतं. देवळात सगळेच अनवाणी होते, त्यामुळे मिस्त्री वेगळे दिसले नाहीत. अभिषेक झाला, तुला झाली, दिवे ओवाळले. आबा म्हणाले, "आता माझ्या गाडीलाही ओवाळा," तेव्हा कुणी हसलं नाही, सगळ्या सुना सरळ ताट घेऊन गेल्या.

मामा गोरखजवळ आला.  मग बोनेट उघडून त्याने रेडिएटर धरला आणि सवयीने गदागदा हलवला.

"हलतंय रे," तो म्हणाला.

"हो मामा. ठेवलंय."

मामाने परत एकदा हलवून बघितला. मग म्हणाला, "म्हणजे तू आता येत नाहीस."

"नाही, मामा."

घाट उतरताना मिस्त्रींनी कमरेची किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली.  किल्ली वाटेत खाली पडली, तीही खुळखुळत, आणि आबांनी ती उचलून गोरखच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरख गेला तो टायरच्या चपला करणाऱ्याकडे. म्हणाला, "मिस्त्रींच्या मापाचा एक जोड. आणि माझ्या मापाचे दोन."

"तुला दोन कशाला?" चपलावाल्याने विचारलं.

"एक घालायला."

 गोरखने मिस्त्रींचा जोड त्यांच्या दारात नेऊन ठेवला, आपला एक पायात घातला, आणि दुसरा गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या शेजारी, खिळ्याला अडकवला.

पुढे कधीतरी कुणी शिकायला येईल, तेव्हा तो एकदा आवळणारच.